दाजींचा मागचा ब्रेक

ब्रह्मदेवानं सृष्टी निर्माण करून ती ‘एकदा नजरेखालनं घाला’ म्हणून आमच्या दाजींच्या हवाली केली असती, तर आज तुम्ही आणि मी जन्मालाच आलो नसतो. अजून आपण सगळे सुटे भाग होऊन, रॉकेलनं पुसून, दाजींच्या शेडमधल्या फळीवर वर्तमानपत्राच्या कागदावर मांडलेले असतो, आणि ब्रह्मदेव दर रविवारी फाटकाशी येऊन ‘झालं का हो?’ असं विचारून हात हलवत परत गेला असता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं घराणं शहाजीराजांच्या मागोमाग बंगळुरात आलं आणि इथलंच होऊन गेलं. त्यामुळे थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो, पानात भात जास्त पडायला लागला की ‘स्वल्प, स्वल्प’ म्हणून ओरडतो, ‘ठीक’ म्हणायच्या जागी ‘सरी’ म्हणतो, आणि पुण्याहून आलेले पाहुणे आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. हसू देत बापडे. त्यांच्यापैकी एकालाही असला मेहुणा लाभलेला नाही, तेवढ्याबद्दल तरी त्यांनी देवाला नारळ फोडावा.

दाजी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. वर्गात मुलांकडून सुरई आणि केळी काढून घ्यायची आणि घरी येऊन जगातल्या वस्तू सुधारायच्या, हा त्यांचा दिनक्रम. माझ्या छत्रीचंच बघा. वडिलांच्या वेळची चांगली छत्री, उघडायची तेव्हा उघडायची, मिटायची तेव्हा मिटायची. दाजींनी ती एकदा उघडून पाहिली आणि चुकचुकले. “फार सावकाश उघडते रे. पाऊस काय तुझ्यासाठी थांबणार आहे?” असं म्हणून त्यांनी तिला ग्रामोफोनची स्प्रिंग बसवली. दुसऱ्याच दिवशी ती काखेत धरून मी कचेरीत साहेबांच्या पुढ्यात उभा होतो आणि मला शिंक आली. छत्री फाडकन उघडली, आणि साहेबांच्या डोक्यावरचा जरीचा म्हैसुरी फेटा पलीकडच्या फायलींवर जाऊन बसला. माझी बढती त्या वर्षी का अडली हे मला कुणी विचारू नये. जाब विचारायला गेलो तर दाजी छत्री हातात घेऊन कौतुकानं म्हणतात, “शिंकेनं उघडली? अरे, मग हिच्यात अजून बराच वाव आहे!” अक्काच्या पंपाच्या स्टोव्हला त्यांनी अशी काही सुधारणा केली, की तो विझायचंच विसरला. त्या दुपारी अक्कानं घरात होतं नव्हतं ते सगळं उकडून काढलं, बटाटे झाले, रताळी झाली, शेवटी नुसतंच पाणी उकळत बसली. आणि रागवायची तरी सोय आहे का? तोंड एवढंसं करून म्हणणार, “बिघडला नाही गं, सुधारणा अर्धी झालीय.”

अशा माणसाच्या हाती मोटार पडली. देश स्वतंत्र झाला, कॅन्टोन्मेंटातले गोरे साहेब चंबूगबाळं विकून विलायतेला निघाले, आणि दाजी एका साहेबाच्या बंगल्यावर ड्रॉइंगचं टेबल बघायला म्हणून गेले ते मोटार घेऊन आले. तीही चारचौघांसारखी मोटार नव्हे. लढाईच्या आधीची, लांबच लांब नाकाची, कधीकाळी शर्यतीत धावलेली. पुढं दोघांपुरती जागा आणि मागं डिकी. हल्ली डिकी म्हणजे सामान टाकायची जागा समजतात. या गाडीच्या डिकीचं झाकण उलटं उघडायचं आणि आतनं एक बाक निघायचा. त्याला छप्पर नाही की दार नाही. मडगार्डवर पाय देऊन माकडासारखं वर चढायचं आणि मग उघड्या आभाळाखाली बसायचं. ही गाडी ताशी ऐंशी मैल पळते, असं साहेब जाताना सांगून गेला होता. दाजींनी ती पंचविसाच्या वर कधी नेली असेल तर शपथ. “पळते ना? मग पळण्यात काय सुधारायचं? खरी कला थांबण्यात आहे,” असं ते म्हणायचे. आणि नेमकी तेवढीच कला त्या गाडीला अवगत नव्हती.

आता ही ब्याद घेतली कशासाठी, तेही ऐका. लग्न झालं त्या वर्षी अक्का त्यांना म्हणाली होती, की नंदीदुर्गावर सकाळी उभं राहिलं की ढग आपल्या पायाखाली असतात म्हणे, मला एकदा ते बघायचंय. दाजी म्हणाले, “नेतो.” बस जात होती की नंदीला! तिकीट काढायचं, बसायचं, ढग बघायचे, दुपारच्या जेवणाला घरी. पण सरळ मार्गानं जातील तर ते दाजी कसले! बायकोला शेजारी बसवून स्वतःच्या गाडीनं नंदी चढायची, असं त्यांनी मनाशी धरलं. मनात दुसरं काही नव्हतंच या माणसाच्या. त्या एका हट्टापायी पुढची कितीतरी वर्षं त्यांनी स्वतःची, माझी आणि निम्म्या बसवनगुडीची झोप उडवली.

पहिल्याच कार्तिकात घात झाला. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आमच्या बसवनगुडीत बसवण्णाच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे डोंगर. दाजींनी ठरवलं, नंदीच्या आधी अक्काला जत्रेला न्यायचं. अक्का हिरवं रेशमी लुगडं नेसून त्यांच्या शेजारी बसली, मी डिकीत. देवळाकडनं उताराला लागलो तोवर सगळं ठीक होतं. या गाडीचे ब्रेक सायकलीसारखे तारेचे होते. खाली पायानं दाबायचं आणि चारी चाकांपर्यंत गेलेल्या गंजक्या तारांनी ते मनावर घ्यायचं. त्या दिवशी त्यांनी मनावर घेतलं नाही. गाडी अगदी सावकाश, कसलीही घाई न करता, माणसांना बाजूला व्हायला भरपूर वेळ देत, एका शेंगांच्या डोंगरात शिरली आणि छातीपर्यंत रुतून उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेंगावाली बाई मात्र कमरेला पदर खोचून उभी राहिली आणि डोळे घरी ठेवून आलात का, इथपासून सुरुवात करून तिनं कानडीत दाजींच्या सात पिढ्या शेंगांसारख्या सोलल्या. अक्का खाली उतरली. अंबाड्यात अडकलेल्या शेंगा तिनं काढून त्या बाईच्या हातात दिल्या, आणि भर जत्रेत नवऱ्याला म्हणाली, “ही गाडी माझ्या डोळ्यांदेखत नीट थांबेपर्यंत मी हिच्यात पाय ठेवणार नाही.” आणि चालत घरी गेली.

दुसऱ्या कुणी गाडी विकली असती. दाजी शेंगा उपसता उपसता माझ्याकडे बघून हसले. “ऐकलंस? थांबेपर्यंत म्हणाली. म्हणजे थांबली तर बसणार आहे!” कपाळ माझं! त्या दिवसापासून या माणसाला ब्रेकनं झपाटलं.

बरं, ब्रेक सुधारायचे तर चारी चाकांचे सुधारावेत की नाही? तसं कुठलं व्हायला! लहानपणी दाजींनी भाड्याच्या सायकलीवरनं गवीपुरमच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला होता आणि समोरचे दोन दात तिथंच ठेवून ते घरी आले होते. तेव्हापासून पुढचा ब्रेक हा त्यांचा जन्माचा वैरी. मी म्हटलं, “दाजी, ती सायकल होती. ही चार चाकांची मोटार आहे.” त्यावर मला म्हणतात, “चालत्या माणसाला थांबवायचं तर छातीवर धक्का देशील की मागनं धोतर धरशील? मागनं धोतर धरलं की माणूस जागच्या जागी उभा. मोटारीचं तसंच आहे. मागची चाकं धरायची, पुढच्यांना हात लावायचा नाही.” शिवाजीनगरच्या बाशा मिस्त्रीला त्यांनी हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “हौ साब, एकदम बराबर.” या बाशाला उभ्या जन्मात कुणाला ‘नाही’ म्हणता आलं नाही. मी त्याला एकटं गाठून ‘हे चूक आहे ना?’ म्हणून विचारलं, तेव्हाही तो म्हणाला, “हौ साब, एकदम बराबर.” असे हे दोघे एकत्र आले. लढाईनंतर लष्करानं भंगारात काढलेल्या गाड्यांमधनं त्यांनी एका मालवाहू गाडीच्या मागच्या चाकांचे तेलावर चालणारे ब्रेक पैदा केले. पाय दाबला की नळीतनं तेल जातं आणि चाकाच्या आतल्या सिलिंडरला रेटतं, मग चाक हलत नाही. मालानं लादलेली ती धूड गाडी थांबवायला केलेले ते ब्रेक आमच्या मुठीएवढ्या गाडीच्या ढुंगणाला बसवायचे होते! पण शहाणपण सांगावं कुणाला? प्रत्येक रविवारी मागची चाकं काढलेली, दाजी धोतर खोचून खाली आडवे, बाशा शेजारी बिडी ओढत ‘हौ साब’ म्हणतोय, आणि अक्का खिडकीतनं बघतेय. तिनं कधी ‘झालं का?’ म्हणून विचारलं नाही. चहा मात्र न चुकता दोन कप जास्त टाकायची.

ब्रेक तयार झाले तेव्हा तपासणीला बरोबर कोण? मी. माझी बायको म्हणाली, “तुम्हाला नाही म्हणता येत नाही का?” येतं हो, सगळ्या जगाला म्हणता येतं, दाजींना येत नाही. सकाळी हेब्बाळच्या रस्त्यावर गेलो. तेव्हा तिथं शेतं आणि तळं, बाकी काही नाही. आमच्या बऱ्याच मागनं एक बैलगाडी येत होती. रस्ता रिकामा बघून दाजींनी गाडी चांगली पंचविसावर नेली आणि “आता बघ” म्हणून ब्रेकवर पाय दिला. मी बघितलं ते एवढंच, की डाव्या हाताला असलेलं हेब्बाळचं तळं एकाएकी उजव्या हाताला आलं. गाडी गर्रकन फिरून, आलो त्या शहराकडे तोंड करून उभी राहिली. माझी टोपी शेतात, मी दाजींच्या मांडीवर. मागच्या बैलगाडीवाल्यानं बैल थांबवले आणि समोरासमोर आलेल्या आम्हाला कानडीत शांतपणे विचारलं, “काय सार, काही विसरलं का घरी?” दाजींचा चेहरा मात्र उजळलेला! “थांबली की नाही?” मी संतापून म्हटलं, “थांबली! पण कुणीकडे तोंड करून? दाजी, मागनं धोतर धरलं की माणूस थांबतो हे खरं, पण कोण धरतंय ते बघायला गर्रकन वळतो की नाही? तेच केलं हिनं!” दाजींनी मान डोलावली. “मुद्दा आहे,” म्हणाले. त्यांनी मला दिलेलं ते एकमेव शाबासकीपत्र, आणि ते घेऊन मी टोपी शोधायला चिखलात उतरलो.

रोग बाशालाही कळला होता. मागचा भाग हलका, ब्रेक जबर, त्यामुळे मागची चाकं एकदम धरली जातात आणि घसरतात. आता यावर तुम्ही-आम्ही काय करू? ब्रेकचा जोर कमी करू. दाजी माझ्यावर डोळे वटारून म्हणाले, “सुधारलेली वस्तू परत बिघडवायची? ब्रेक आहे तो सरीच आहे. गाडी त्याला कमी पडतेय. मागं वजन वाढवायचं.” बाशा म्हणाला, “हौ साब.” त्याच आठवड्यात अक्का चार दिवसांसाठी माझ्याकडे राहायला आली होती. परत घरी गेली, इडलीसाठी तांदूळ-उडीद भिजत घातले, आणि सकाळी वाटायला गेली तर परसातला रगडा जागेवर नाही! आमच्या इकडे पीठ वाटायचा हा दगडी रगडा म्हणजे एकट्या माणसाला जागचा हलत नाही अशी चीज. तो चोरणारा चोर अजून बंगळुरात जन्मायचा होता. अक्का सरळ शेडमध्ये गेली. डिकीच्या बाकावर, घडी घातलेल्या गोधडीवर, तिच्याच जुन्या लुगड्यानं बांधलेला रगडा नव्या जावयासारखा बसला होता.

मला बोलावणं आलं. पाहतो तर अक्का शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी आणि दाजी स्पॅनरशी चाळा करत खाली बघताहेत. “अगं, आता सरळ थांबते ती,” ते पुटपुटले, “रगडा ठेवल्यापासून एकदाही फिरली नाही.” “थांबते?” अक्का म्हणाली. “मग मला दाखवा. जिथं शेंगांत घातली होती तिथंच दाखवा.” मी म्हटलं, भिजलेले उडीद वाया जातील, आधी रगडा घरी आणू, भांडण नंतर करू. माझं ऐकतो कोण! आम्ही तिघं बसवण्णाच्या उतारावर गेलो, अक्का अर्थातच चालत. मला वाटलं ती कडेला उभी राहून बघेल. ती खाली जाऊन रस्त्याच्या बरोब्बर मध्ये उभी राहिली. मी दाजींच्या शेजारी बसलो होतो, तिथनं किंचाळलो, “अक्का, वेड लागलंय का? बाजूला हो!” दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं, स्वल्प बाजूला तरी उभी राहा.” अक्का खालनं म्हणाली, “बाजूला उभं राहून मला काय कळणार? थांबते म्हणता ना? मग थांबवा.” मी दाजींना म्हटलं, खाली उतरू, गाडी ढकलत घरी नेऊ, ही बाई ऐकायची नाही आणि तुम्हाला अक्कल नाही. दाजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी गाडी सोडली. उतारावर तिनं वेग घेतला. अक्का जागची हलली नाही, डोळेसुद्धा मिटले नाहीत तिनं. दाजींनी पाय दाबला. गाडी एक रेघ न सोडता सरळ आली आणि अक्काच्या निऱ्यांपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. दाजींनी पाय ब्रेकवरनं काढलाच नाही.

अक्कानं गाडीच्या नाकावर हात ठेवला. “सरी,” म्हणाली, “थांबली. आता माझा रगडा उतरवा.” आता गंमत बघा. एवढं सगळं झाल्यावर तरी माणसानं ‘हो’ म्हणून टाकावं. पण दाजींना ब्रेकच्या बाबतीत खोटं बोलता येत नाही. “रगडा उतरवला तर नाही थांबायची,” ते म्हणाले. “मागं वजन लागतं तिला.” अक्कानं रगड्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग नवऱ्याकडे. “वजनच पाहिजे ना? मग मी काय पिसांची आहे?” आणि पदर खोचून, मडगार्डवर पाय देऊन, माझ्या डोक्याला धरून अक्का डिकीत चढली. दाजी मागं वळून “पण मी तुला इथं शेजारी…” असं काहीतरी म्हणाले, तेवढ्यात ती वरनं ओरडली, “चला आता. उडीद आंबतील!” मग आम्ही रगडा खाली काढला, ती बाकावर ऐसपैस बसली, आणि दोघं मला रस्त्याच्या कडेला रगड्यापाशी सोडून निघून गेली. हातगाडी येईपर्यंत मी त्या दगडावर बसून होतो. येणारेजाणारे विचारत होते, कितीला द्यायचा? आणि घरातली कर्ती बाई डिकीत चढून नवऱ्याबरोबर फेरफटका मारत होती!

पुढच्याच रविवारी पहाटे नंदी. मलाही नेलं, कारण वाटेत गाडी बंद पडली तर ढकलायला कुणीतरी पाहिजे. मी पुढं मखमली गादीवर आणि माझी थोरली बहीण मागं उघड्यावर, काळी छत्री उघडून, मांडीवर चित्रान्नाचा डबा घेऊन! येलहंकाच्या बाजारात लोकांनी दुकानांतनं बाहेर येऊन पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाटात प्रत्येक वळणाला दाजी मागं बघून ओरडायचे, “आहेस ना गं?” आणि मागनं उत्तर यायचं, “आहे, आहे. तुम्ही पुढं बघा!” वर पोचलो तर काय, सगळा डोंगरच धुक्यात! हातभर अंतरावरचा माणूस दिसेना. दाजी हिरमुसले. अक्का धुक्यात हात घालून म्हणाली, “पायाखाली कुठले? आपण आतच आहोत की ढगांच्या.” आणि लहान मुलीसारखी हसली. उतरताना गाडी प्रत्येक वळणावर जिथल्या तिथं थांबत होती. प्रत्येक वेळी अक्का मागनं गाडीवर थाप मारायची, गोठ्यात गाईच्या पाठीवर मारतात तशी.

मग तो नादच लागला त्यांना. आज लालबाग, उद्या हेसरघट्ट्याचं तळं, आणि वर्षातनं दोनतीनदा नंदी. ढग एकदा मिळाले म्हणे पायाखाली, त्या दिवशी मी नव्हतो. पण दृश्य काय! पुढं दाजी, शेजारची जागा रिकामी, आणि मागं छत्री धरून अक्का. नातेवाइकांनी मला धारेवर धरलं. भांडण आहे का त्यांच्यात? बायकोला असं सामानासारखं न्यायचं ही कुठली रीत? मी काय सांगू? ती ब्रेक आहे, असं सांगू? एका दसऱ्याला आयुधपूजेच्या दिवशी बाशानं गाडीला झेंडूची माळ घातली आणि खिशातनं एक जोडी सिलिंडर काढले. एका लहान गाडीच्या भंगारातले, हलक्या जोराचे. “साब, हे बसवतो. मग ब्रेकचा जोर बेताचा होईल, मागं वजन नको. अम्मा पुढं बसू देत आरामात.” मी उडालोच. “दाजी, बसवून टाका! आत्ताच्या आत्ता! एवढी वर्षं ज्यासाठी मेलात ते हेच ना? अक्का शेजारी!” दाजींचे डोळे चमकले. ते सिलिंडर त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितले, अक्काकडे बघितलं, आणि शेजारच्या जागेवरची धूळ धोतराच्या सोग्यानं झटकायला लागले.

अक्का गाडीला हळदकुंकू लावत होती. तिनं मान वर केली नाही. “ते बसवलं की माझ्याशिवाय थांबेल?” “हौ अम्मा,” बाशा म्हणाला. “बरं,” अक्का म्हणाली. मग कुंकवाचं बोट पदराला पुसत, ती जणू गाडीलाच म्हणाली, “मूल नाही, बाळ नाही. शाळेत यांचं अडत नाही, घरात माझं अडत नाही. एवढी एक गाडी होती माझ्यावाचून अडणारी.” आणि नैवेद्याचं ताट आणायला आत गेली. दाजी धूळ झटकायचे थांबले. ज्या माणसानं जन्मात कुठली वस्तू आहे तशी राहू दिली नाही, त्यानं ते सिलिंडर बाशाच्या हातात परत ठेवले. “राहू दे,” म्हणाले. “आहे तो सरी आहे.” आणि बाशा जन्मात पहिल्यांदाच ‘हौ साब’ म्हणायला विसरला. माझा मात्र संताप झाला. ज्या एका गोष्टीत खरोखरच सुधारणा हवी होती तेवढीच सोडून दिली या गृहस्थानं! घरी येऊन मी बायकोपाशी तासभर तणतणलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्हाला नाही कळायचं ते. पान वाढलंय.”

गेल्या पावसाळ्यापासून अक्काचे गुडघे धरलेत. जिना चढवत नाही तिथं मडगार्ड कुठलं चढणार? गाडी शेडमध्ये उभी. रविवारी गेलो तर दाजी इंजिन सुरू करून नुसते स्टिअरिंगशी बसलेले. माझा पारा चढला. “दाजी, हद्द झाली आता. बाशाला मी बोलावतो. ते सिलिंडर अर्ध्या दिवसाचं काम आहे. अक्काला पुढच्या जागेवर नुसतं टेकायचंय, मडगार्ड चढायलासुद्धा नको. उद्या दोघं नंदीला जाल! हट्टाला काही सीमा?” दाजींनी इंजिन बंद केलं. “तिला कळेल ना रे मग,” ते म्हणाले, “की आपल्यावाचूनसुद्धा थांबते.” मी मडगार्डवर टेकलो. आतनं अक्काचा आवाज आला, “अहो, गाडी बाहेर नाही ना काढत? मागं कुणी नाही हं!”

“नाही गं,” दाजी ओरडून म्हणाले, “तुझ्याशिवाय कशी काढू?”

आत कपबशांचा आवाज झाला. अक्कानं चहा टाकला होता.